नववा प्रश्न

१४ जून
संशोधन संस्था, तिसरा मजला

प्रिय वहिनी,

नमस्कार. हे पाकीट बघून तू दादाला म्हणशील, "तुमच्या बहिणीला फोन परवडत नाही वाटतं." पण फोनवर तू एकीकडे वह्या तपासत "हं, हं" करत असतेस हे मला ठाऊक आहे. कागदावर हं करता येत नाही, म्हणून कागद.

बातमी अशी, की माझा अहवाल मान्य झाला. नुसता मान्य नाही, त्यावरून धोरण ठरलं. आमच्याकडे अहवाल लिहिले जातात, त्यांची बांधणी होते आणि ते कपाटात जातात. कपाटातून बाहेर पडून रस्त्याला लागलेला माझा हा पहिलाच.

तू शाळेत नागरिकशास्त्र शिकवतेस आणि मी ते कसं शिकवलं जातं याचा अभ्यास करते. म्हणजे स्वयंपाक तुझा आणि मीठ कमी आहे म्हणायचं काम माझं, नणंदेला अगदी शोभेल असं, हे तूच एकदा म्हणाली होतीस. तर या वेळी मीठ खरोखर कमी निघालं. गेल्या वर्षी तुझ्या सातवीनेही आमची प्रश्नावली भरून दिली होती. तिच्यातला नववा प्रश्न होता, "तुम्ही वर्गात कधी मत दिले आहे का?" बहुतेक सगळ्या शाळांतल्या बहुतेक मुलांनी "नाही" लिहिलं. शिक्षण सचिवांनी तो आकडा पाहिला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, ही मुलं उद्याचे नागरिक, आणि यांना कोणी तोंड उघडू देत नाही?

या सत्रापासून प्रत्येक शाळेत आठवड्याला एक "मत-तास" होईल. माझं एक वाक्य तर जसंच्या तसं उचललंय: "मुलांच्या मतात शिक्षकांनी हस्तक्षेप करू नये." अंमलबजावणीच्या समितीवर मलाही घेतलंय.

तुला यात नवं काही नाही. मुलं मनातलं बोलून भांडतात तो तुझा शुक्रवारचा कुरकुरीचा तास कधीपासून चालू आहेच. तू करतेस ते आता सगळ्यांना करावं लागेल, एवढंच. तुझ्या वर्गाला माझे आभार सांग, आता ती मुलं आठवीत असतील.

तुझी,
वन्सं

*

२९ जून
शिक्षक-खोली, खिडकीजवळची खुर्ची

वन्सं,

तोंडभरून अभिनंदन. तुझ्या दादाने औषधाच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ही बातमी दिली. एक बाई तापाच्या गोळ्या घ्यायला आल्या होत्या, त्या धोरण ऐकून गोळ्या विसरून गेल्या.

तर तुझं धोरण आमच्या दारात येऊन पोचलं. माहेरून निघताना बारीक असेल, वाटेत चांगलं बाळसं धरलंय. आमच्या मुख्याध्यापकांना आम्ही मागे "सदर" म्हणतो, कारण ते घरीसुद्धा "सदर आमटी गरम करा" म्हणत असतील. त्यांनी उभं राहून परिपत्रक वाचलं. "सदर तासिकेत विद्यार्थ्यांनी मत द्यावे. मत देण्यासाठी बंद पेटी असावी. मत गुप्त असावे. निकाल फळ्यावर लिहून त्याच दिवशी तक्त्यात भरून कळवावा." तक्त्याचे रकाने: विषय, बाजूने, विरोधात, बाद. काय बोलणं झालं याला रकाना नाही, त्यामुळे कोणी बोलत नाही. माझा कुरकुरीचा तास या तासाने गिळला, कारण वेळापत्रकात जागा तेवढीच. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात. माझं घोडं नणंदेनं धाडलं.

पेटी तुझ्या दादाने दिली, खोकल्याच्या औषधाचं रिकामं खोकं. वर पांढरा कागद चिकटवला, पण एका बाजूने "वापरण्यापूर्वी चांगले हलवावे" दिसतंच. मुलं मत टाकायच्या आधी पेटी हलवून घेतात. सूचना पाळणारे नागरिक घडतायत, काळजी नसावी.

पहिला विषय होता, मागची खिडकी उघडी ठेवायची की बंद. निकाल दोन मिनिटांत लागला, बंद. पूर्वी याच विषयावर अर्धा तास भांडण झालं असतं आणि शेवटी कोणीतरी दोघांनी आपणहून बाकं बदलली असती.

आमच्या आठवीत एक मुलगी आहे, तिच्याबद्दल तुला कधी लिहिलं नसेल. बोलताना अडखळते. मध्ये कोणी घुसलं की तळहात पुढे करून "थांबा" म्हणते, आणि गंमत म्हणजे तेवढा एक शब्द तिला कधीच अडत नाही. म्हणून सगळे तिला थांबाच म्हणतात, तिलाही ते चालतं. कुरकुरीच्या तासात सगळ्यात जास्त कुरकुर तिची. वाक्य पुरं व्हायला वेळ लागतो, पण नेमकं असतं. बोलणाऱ्याची बोरंही विकली जातात म्हणतात. हिच्याकडे गहू आहेत, माप तेवढं सावकाश पडतं. आता चिठ्ठीवर फुली मारली की तीही मोकळी आणि आम्हीही.

तुझी,
वहिनी

*

१० जुलै
संस्था

प्रिय वहिनी,

पत्र वाचून हसले, मग नाही हसले. पेटी माझ्या अहवालात कुठेही नाही. मी "मत" लिहिलं, त्यांनी पेटी वाचली. समितीत मी विचारलंही. मला सांगण्यात आलं की मुलांना सवय लागू दे, चर्चा मागून येईल. धोरण नव्या चपलेसारखं असतं, पहिले काही दिवस चावतं.

शिवाय आलेले तक्ते पाहून मलाही आश्चर्य वाटलं. हजर असलेलं जवळपास प्रत्येक मूल मत देतंय. गेल्या वर्षीच्या "नाही"च्या ढिगाऱ्यापुढे हा आकडा ठेवला की संचालकांचा चेहरा बघण्यासारखा होतो. ते आलेख घेऊन सगळ्या खात्यांत फिरतायत. या कामासाठी वेगळा विभाग निघणार आणि तो मला मिळणार असं मजल्यावर बोललं जातंय. तुला सांगते, दादाला सांगू नकोस, तो गिऱ्हाइकांना सांगेल.

तू जरा कळ काढ. आणि ते खोकं बदल.

तुझी,
वन्सं

*

२ ऑगस्ट
घर, जेवणाचं टेबल

वन्सं,

आज एक शोध लागला आणि तो तुझ्याआधी मला लागला, म्हणून मी हे पत्र लिहितेय.

तू आभार सांगायला सांगितले होतेस, ते राहून गेले होते. आज सांगितले. म्हटलं, गेल्या वर्षी तुम्ही खरं लिहिलंत की वर्गात मत दिलं नाही, म्हणून हा तास सुरू झाला. तर एकजण म्हणाला, "पण बाई, आम्ही कुठे अठरा वर्षांचे होतो?"

दुसरी म्हणाली, "तुम्हीच तर शिकवलं होतंत. मत देण्याचा अधिकार कोणाला? अठरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला." सगळ्या वर्गाने एका सुरात तेच वाक्य म्हटलं. वन्सं, तुझे कागद आले त्याच्या आदल्या आठवड्यात मी निवडणुकीचा धडा संपवला होता आणि हे वाक्य त्यांच्याकडून घोटून घेतलं होतं. मुलांनी तुझा प्रश्न वाचला, मत दिले आहे का? प्रामाणिकपणे उत्तर दिलं, नाही. कुरकुरीच्या तासात वर्षभर माझं डोकं उठवणाऱ्या पोरांनी! मी विचारलं, अरे, मग दर शुक्रवारी तुम्ही काय करत होतात? तर म्हणे, "ते भांडण होतं, बाई."

"ध"चा "मा" करायला निदान एक अक्षर बदलावं लागतं. तू तेवढेही कष्ट घेतले नाहीस. मला इतकं हसू आलं की सदर डोकावून गेले.

आता एक गंभीर गोष्ट विचारते. आमच्या शेजारच्या तुकडीत मत-तासाला मुलांनी एक विषय टाकला. वर्गात एकीला बोलायला फार वेळ लागतो, त्यामुळे इतरांची पाळी येत नाही. तर तिला उत्तरं देण्यातून सूट द्यावी का? सूट द्यावी असा निकाल लागला. तिथल्या बाईंना काय करावं समजत नाही. तुझा अहवाल अशा वेळी काय म्हणतो ते कळव.

वहिनी

*

१३ ऑगस्ट
संस्था

प्रिय वहिनी,

तुला हसू आलं हे समजलं. मला फारसं आलं नाही. नववा प्रश्न छापण्याआधी आम्ही एका शाळेत त्याची चाचणी घेतली होती आणि तिथे मुलांना तो नीट समजला होता. एका वर्गातल्या एका विनोदावरून सगळ्या शाळांचा निष्कर्ष बदलत नाही. अभ्यासाला थोडी शिस्त असते.

शेजारच्या तुकडीबद्दल. अहवालातली शिफारस स्पष्ट आहे, मुलांच्या मतात शिक्षकांनी हस्तक्षेप करू नये. संबंधित बाईंनी संयम ठेवावा. मुलं चुकतात आणि आपली चूक आपणच सुधारतात, यावर बरंच काम झालेलं आहे. शिवाय सूटच दिली आहे, शिक्षा नव्हे. त्या मुलीला कदाचित बरंही वाटत असेल.

या महिन्यात विभागाचं ठरेल, त्यामुळे गडबडीत आहे. दादाला विचारलंय म्हणून सांग.

वन्सं

*

२० ऑगस्ट
शाळा

आदरणीय संशोधिकाबाईंस,

आपलं पत्र मिळालं. मी तुला "आपण" म्हणतेय यावरून काय ते समजा.

शेजारची तुकडी वगैरे काही नाही. तुकडी माझी, बाई मी आणि मुलगी थांबा. आपल्याच दाताखाली आपलेच ओठ आले म्हणून मी शेजारच्यांचं नाव घेतलं. वाटलं, परक्याचं प्रकरण म्हटलं तर आपण सरळ उत्तर द्याल. दिलंत.

विषय कोणी वाईटपणाने टाकला नव्हता, हे आधी सांगते. विषयाच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "थांबाला त्रास होतो म्हणून." मत-तास नेमका आणि थोडका असावा अशी वरून सूचना, घड्याळ समोर, आणि गेले दोन महिने कोणी कोणाचं ऐकून घ्यायची सवयच राहिलेली नाही. पेटी फिरली. चिठ्ठ्या मी मोजल्या. बाजूने सगळ्या. विरोधात एकही नाही. वर्ग पूर्ण हजर होता, थांबासुद्धा. म्हणजे तिचीही चिठ्ठी त्यातच होती. मी निकाल फळ्यावर लिहिला तेव्हा तिने इतरांसारख्याच टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून ती बोलत नाही. हजेरीलाही हात वर करते. आधी मला वाटलं, चार दिवस. आता तर मधल्या सुट्टीतही ती ऐकायला बसते आणि मान हलवते. आपण लिहिलंत तेच खरं, तिला बरं वाटतंय. मला भीती वाटते ती याचीच.

आपलं पत्र येण्याआधीच मी निकाल पुसला आणि तक्त्यात "बाद" असं भरलं. त्यावर सदरांनी मला लेखी खुलासा मागितला आहे. त्यांच्या पत्रातलं मुख्य वाक्य असं, "मुलांच्या मतात शिक्षकांनी हस्तक्षेप करू नये, असे संशोधनाने सिद्ध झाले असताना आपण निकाल का बदललात?" तेच वाक्य आपल्याही पत्रात आहे. दोन्ही पत्रं मी एकाखाली एक ठेवून पाहिली. अक्षर तेवढं वेगळं.

खुलाशात काय लिहावं हे मी आपल्याला विचारत नाही. ते माझं मी बघेन. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्या दिसत नाहीत, फक्त कळप दिसतो, आणि त्यात त्याचा दोष नाही, उंटच उंच असतो. पण ही एक शेळी तुझ्या भावाच्या बायकोच्या वर्गातली आहे म्हणून कळवलं.

आपली,
इयत्ता आठवीची वर्गशिक्षिका

*

२६ सप्टेंबर
संस्था, तळघर

वहिनी,

महिना उलटून गेला. मी उत्तर दिलं नाही, कारण आधी काहीतरी करून मग लिहायचं ठरवलं होतं. तू रागावली आहेस आणि तुझा राग बरोबर आहे. मला माफ कर. "कदाचित बरंही वाटत असेल" हे वाक्य मी न भेटलेल्या मुलीबद्दल लिहिलं, याची मला लाज वाटते.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी तळघरात गेले आणि गेल्या वर्षीचे गठ्ठे सोडले. ते रद्दीत जायचे होते, अजून गेले नव्हते. मी शाळांना फोन करून एकच गोष्ट विचारली, निवडणुकीचा धडा आमचे कागद यायच्या आधी झाला होता की नंतर? जिथे आधी झाला होता तिथे जवळजवळ सगळे "नाही". जिथे व्हायचा होता तिथे निम्म्याहून जास्त "हो". कित्येक मुलांनी "नाही"च्या पुढे बारीक अक्षरात लिहिलंय, "वय बसत नाही." एकाने लिहिलंय, "नाही, पण आजोबांबरोबर रांगेत उभा होतो." हे शेरे आमच्या तक्त्यात कधी चढलेच नाहीत. तक्तेवाल्याला मी विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, रकाना नव्हता."

आणि ती चाचणी! ती आम्ही संस्थेच्या आवारातल्या शाळेत घेतली होती. तिथली मुलं आमच्याच लोकांची, जेवताना "यावर तुझं मत काय?" ऐकत वाढलेली. त्यांना अर्थ कळला यात नवल नव्हतं. तो आपल्याच घरी विचारून आल्यासारखा प्रकार होता, आणि मी त्याला शिस्त म्हणत होते.

हे सगळं मी समितीपुढे ठेवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसंच झालं. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, निष्कर्ष चुकला असेल, पण कार्यक्रम यशस्वी आहे. पेट्या सगळीकडे पोचल्यात." मी म्हटलं, जो आजार नव्हता त्याच्यावर औषध चाललंय, आणि त्या औषधाने नवा आजार होतोय. मग मी थांबाची गोष्ट सांगितली, नाव न घेता. कोणीतरी म्हणालं, एका मुलीवरून धोरण बदलत नाही. मागच्या महिन्यात मीच तुला जवळपास हेच लिहिलं होतं.

फेरविचार करावा का, यावर हात वर करून मतं घेतली. बाजूने एक हात, माझा. तुझ्या वर्गात विरोधात एकही नव्हतं, म्हणजे आमची समिती तुझ्या आठवीपेक्षा एका हाताने पुढे आहे.

पण मी उठले नाही. शेवटी कंटाळून त्यांनी दोन गोष्टी दिल्या. परिपत्रकाला एक पुरवणी निघेल, "मत देण्यापूर्वी प्रत्येकास बोलण्याची संधी द्यावी व बोलणाऱ्याचे बोलणे पूर्ण होऊ द्यावे. एखाद्या विद्यार्थ्याच्या बोलण्याच्या हक्कावर मत घेऊ नये." आणि पुढच्या पाहणीत नववा प्रश्न बदलायची परवानगी. वरातीमागून घोडं आहे, पण घोडं आहे. नवा विभाग दुसऱ्या कोणाला मिळाला. समितीत मी आता "विशेष निमंत्रित" आहे, म्हणजे चहापुरती.

तुमच्या मुख्याध्यापकांना संस्थेच्या कागदावर वेगळं पत्र पाठवलंय. त्यात लिहिलंय, की ते वाक्य माझं आहे, त्यातलं "मत" म्हणजे मुलांचं म्हणणं, चिठ्ठी नव्हे, आणि तू केलंस ते वाक्याला धरूनच होतं. सरांना आवडावं म्हणून त्यात "सदर" हा शब्द जमेल तितक्या वेळा घातलाय.

आता काम तुझ्याकडे आहे. नववा प्रश्न काय असावा? मला विचारता येत नाही हे सिद्ध झालंय. आठवीला विचार.

वन्सं

*

१८ ऑक्टोबर
शिक्षक-खोली

वन्सं,

"आपण" परत घेतलं. तू तीच आहेस, आणि आता जरा बरी आहेस.

सदरांनी तुझं पत्र दोनदा वाचलं. मला बोलावून म्हणाले, "वरून आलंय, तेव्हा सदर खुलाशाची आवश्यकता नाही." माझा खुलासा लिहून तयार होता, चार ओळींचा. तो मी परत आणला. तुझ्या दादाने त्यात दोन व्याकरणाच्या चुका काढल्या.

पुरवणी आली त्याच शुक्रवारी मी वर्गाला म्हटलं, आज पेटी कपाटात. आधी बोलायचं. विषय, तो जुना निकाल. मुलं एकदम चांगुलपणावर आली. एकजण म्हणाला, आपण चुकलो. दुसरी म्हणाली, थांबाने बोलायलाच पाहिजे, आपण ठराव करू या. तिसरा म्हणाला, रोज एक उत्तर तिनेच द्यायचं असं ठरवू या. हात वर जायला लागले. सगळेच हात. मलाही बरं वाटायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात ती उठली. तळहात पुढे केला. "थांबा."

वर्ग थांबला. पुढचं वाक्य यायला बराच वेळ लागला. पहिल्या शब्दावरच ती अडली, मग सोडून दुसऱ्या शब्दाने सुरुवात केली, तिथेही अडली. एक मुलगा तिला शब्द सुचवायला गेला, शेजारणीने त्याला कोपर मारलं. बाहेर घंटा झाली. शेजारचे वर्ग सुटले, दप्तरं, धावपळ, सगळं कानावर येत होतं. आमच्याकडे कोणी उठलं नाही. वाक्य पुरं झालं ते असं:

"मी बोलायचं की नाही, ते तुम्ही नाही ठरवायचं. तेव्हाही नाही. आत्ताही नाही."

आणि बसली. हात खाली आले. ठरावाचं नाव कोणी काढलं नाही. मी तक्त्यात विषय लिहिला आणि बाजूने, विरोधात, बाद, तिन्हीकडे शून्य भरलं. तुझ्या संचालकांच्या आलेखाला त्या आठवड्यात आमच्या शाळेने खड्डा पाडला असेल.

आता तू लगेच डोळे पुसू नकोस. त्यानंतर ती वर्गात एकदाही बोललेली नाही. हजेरीला अजून हात वर करते. पण आता तो हात वेगळा वाटतो. की मलाच तसं वाटायला हवंय, कोण जाणे. मी विचारत नाही. विचारणं हाही हस्तक्षेपच, आणि हे वाक्य मी तुझ्याकडूनच शिकले.

नववा प्रश्न आठवीने केलाय. भांडून केलाय, पेटीशिवाय. "वर्गात तुम्ही बोलत असताना तुमचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले गेले आहे का?" त्याच्याखाली "हो" आणि "नाही" ठेवायचं असं तूच सांगितलं असतंस, म्हणून तेही ठेवलंय. "मत" हा शब्द त्यांनी मुद्दाम टाळला. म्हणाले, अठरा वर्षांचे झालो की वापरू.

तुझी,
वहिनी

*

५ डिसेंबर
संस्था, तिसरा मजला

प्रिय वहिनी,

पाहणी संपली. तुझ्या शाळेचा गठ्ठा काल आला. नववा प्रश्न आठवीच्याच शब्दांत छापला गेला, सगळ्या शाळांत गेला. समितीने त्यातला एक शब्दही बदलला नाही, कारण मला वाटतं, कोणी वाचलाच नाही.

या वेळी तक्तेवाला कागद वाचून आकडे भरत असताना मी शेजारी खुर्ची टाकून बसते. त्याला ते आवडत नाही, मलाही पाठीला त्रास होतो. हो, नाही, नाही, हो, असं तो पुटपुटत जातो. तुझ्या आठवीच्या गठ्ठ्यात मध्येच एका कागदावर तो अडकला. "हो" आणि "नाही", दोन्हींवर काट मारलेली होती. मधल्या जागेत लिहिलं होतं, "एकदा."

कागदावर नाव नसतं. मी तुला विचारणार नाही आणि तूही सांगू नकोस.

तक्तेवाल्याने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "मॅडम, याला रकाना नाही. बाद करू?"

मी म्हटलं, "थांबा."

तुझी,
वन्सं